रविवारच्या बैठकीआधी

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका जुन्या हॉकी मंडळाचा खजिनदार आहे. मंडळ जुनं असलं तरी पैसे देऊन खेळाडू आणि कोच ठेवायचं आमचं हे पहिलंच वर्ष. तीन देणगीदार मिळाले, म्हणून ऑगस्टमध्ये बाहेरगावाहून कोच आणला. महिना ४५ हजार मानधन, राजारामपुरीत एक खोली आणि दोन वेळचं जेवण, असं मार्चअखेरपर्यंत ठरलंय. संघातल्या १८ पैकी ७ पोरं बाहेरची आहेत, तीही मानधनावर. आतापर्यंत पाच सामने झाले : १-४, ०-२, २-३, २-२, १-२. एकही जिंकलो नाही. अजून सहा बाकी आहेत.

एक देणगीदार म्हणतात, कोच बदला नाहीतर पुढचा हप्ता विसरा. आमचे अध्यक्ष जुने पैलवान. त्यांचं म्हणणं, वस्ताद बदलणारी तालीम कधी उभी राहत नाही. माझा भाचा अमेरिकेत सेंट लुईसला असतो. तो फोनवर सांगत होता की तिथल्या बर्फावरच्या हॉकी संघानं हंगाम सुरू असताना कोच काढला आणि त्याच वर्षी कप मारला. मी हिशेबाचा माणूस. मला हॉकी कळते, कोचिंग कळत नाही. पण प्रत्येक सामन्याची वही ठेवतो. आमच्यावर झालेल्या १३ गोलांपैकी ८ शेवटच्या क्वार्टरमध्ये झालेत. आम्हाला १९ पेनल्टी कॉर्नर (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) मिळाले, गोल झाला एकच. पहिल्या सामन्यात आम्ही विरुद्ध संघाच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ६ वेळा शिरलो होतो, पाचव्यात १७ वेळा. पोरं कट्ट्यावर काय बोलतात ते वेगळंच. रविवारी कमिटीची बैठक आहे. काय सांगू?
— एक खजिनदार, कोल्हापूर

उत्तर : खजिनदार, रविवारी कोच बदलू नका. कारणं पुढं सांगते, आणि कोणत्या परिस्थितीत मी स्वतः तुम्हाला ‘आजच्या आज बदला’ असं म्हणाले असते तेही सांगते. पण आधी त्या वहीबद्दल. गेल्या अनेक वर्षांत या सदराकडे कोचविषयी पुष्कळ पत्रं आली. बहुतेकांत निकाल असतात, राग असतो, आडनावं असतात. डीमध्ये किती वेळा शिरलो हे मोजणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. ती वही रविवारी बैठकीला घेऊन जा आणि चहा यायच्या आधी उघडा.

कारण सगळं तिच्यातच आहे. सहावरून सतरावर गेलात. हरण्यातला फरक बघा : तीन गोल, दोन, एक, बरोबरी, परत एक. ऑगस्टमध्ये आलेल्या माणसानं एकमेकांची नावंही माहीत नसलेल्या १८ पोरांना प्रतिस्पर्ध्याच्या दारापर्यंत न्यायला शिकवलंय. दार उघडत नाही ही गोष्ट खरी, पण तिचं कारण दुसऱ्या आकड्यात आहे. १९ कॉर्नर आणि एक गोल. माझ्या अंदाजानं बऱ्यापैकी क्लब संघानं तेवढ्यात चार तरी करायला हवेत. ते चार झाले असते तर तुमच्या पाच निकालांतले निदान दोन तरी उलटले असते, आणि हे पत्र तुम्ही लिहिलंच नसतं.

आता मला सांगा, पेनल्टी कॉर्नर तुमच्याकडे मारतो कोण? कॉर्नर हे तिघांचं काम आहे. एकजण बॅकलाइनवरून बॉल ढकलतो, दुसरा डीच्या बाहेर तो जागच्या जागी थांबवतो, तिसरा ड्रॅग-फ्लिक करतो, म्हणजे काठीनं बॉल ओढत गोलकडे भिरकावतो. थांबवणाऱ्याच्या काठीवरून बॉल वीतभर जरी उडाला तरी फ्लिक करणारा काही करू शकत नाही, कारण तोवर समोरचा धावणारा अंगावर आलेला असतो. ही त्रयी महिनोन्‌महिने रोज शंभर-शंभर वेळा तेच ते करून तयार होते. तुमचे सात बाहेरचे खेळाडू कुणी निवडले? कोच ऑगस्टमध्ये आला म्हणता. खेळाडूंशी बोलणी जुलैमध्येच झाली असतील आणि त्यांत एकही फ्लिकर नसेल, तर बाजार कमिटीनं केला आणि आमटी पातळ झाली म्हणून आचाऱ्याला धरलं, असं होईल. हा प्रश्न बैठकीत विचारायला अवघड आहे, ठाऊक आहे मला. पण विचारायला हवा, आणि तो हिशेब ठेवणाऱ्यानंच विचारावा.

मोठ्या पैशांच्या हॉकीतही हेच घडतं. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबईच्या संघाला, मुंबई मॅजिशियन्सला, कोच मिळाले होते रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाच्या महिलांना १९९६ आणि २००० अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून देणारा, नंतर पुरुषांना विश्वविजेता करणारा माणूस. जगात त्यांच्या तोडीचा कोच शोधून सापडायचा नाही. आणि मुंबई पाच संघांत पाचवी आली. चार्ल्सवर्थांना त्या महिन्याभरात हॉकी शिकवता येईनाशी झाली होती, असं कुणी म्हणेल का?

तुमच्या वहीतला तिसरा आकडा मात्र मला खुपला. १३ पैकी ८ गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत. इथं कोचला जाब विचारता येतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये संघ कोसळतो याची माझ्या पाहण्यात दोन कारणं असतात, एक पाय आणि दुसरं बाक. हॉकीत कितीही वेळा खेळाडू आत-बाहेर करता येतात. फॉरवर्डला पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळवायचं, बाहेर घ्यायचं, पाणी द्यायचं, परत सोडायचं. जो कोच तेरा-चौदा जणांवरच सामना ओढतो त्याची पोरं पन्नासाव्या मिनिटाला गुडघ्यावर हात ठेवून उभी दिसतात. पुढच्या सामन्यात वहीत एक रकाना वाढवा : कोण किती मिनिटं आत होता.

पायांची गोष्ट अजून नाजूक आहे. तुमची अकरा पोरं कोल्हापूरचीच ना? त्यांतली किती कामाला जातात? शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीची पहिली पाळी उभ्यानं करून आलेला पोरगा संध्याकाळी मैदानावर येतो, आणि बाहेरून आणलेला पोरगा दुपारी झोप काढून येतो. दोघांना एकच व्यायाम दिला तर पहिला शेवटच्या क्वार्टरमध्ये उरणारच नाही. भट्टीजवळ आठ तास काढलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा दहा फेऱ्या मारायला लावण्यात काय अर्थ आहे? कोचला ही गोष्ट माहीत नसेल तर ती त्याला सांगणं मंडळाचं काम होतं. माहीत असून त्यानं वेळापत्रक बदललं नसेल तर ती चूक त्याची. तुम्ही स्वतः मंगळवारी आणि गुरुवारी सरावाला जाऊन बसा, दोन संध्याकाळ. काही बोलू नका. कोण धापा टाकतंय आणि कोच त्याच्याकडे बघतोय का, एवढंच बघा.

अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा. तालमीबद्दल त्यांच्याइतका आदर मलाही आहे. माझे वडील खासबागेत कुस्त्या बघायला मला खांद्यावरून न्यायचे. पण वस्तादाचा दाखला इथं लागू होत नाही. वस्ताद पोराला दहाव्या वर्षी ताब्यात घेतो, पहाटे त्याच्या आधी उठतो, तो काय खातो ते बघतो, दहा-बारा वर्षांनी त्याला मैदानात उतरवतो. त्या नात्याला करारपत्र नसतं. तुमचा कोच मार्चअखेरपर्यंतच्या करारावर आलाय आणि त्याला अठरा पोरांचा मिळून एक संघ करायचाय. त्याला वस्तादाचा मान द्या, जरूर द्या. पण ‘वस्ताद बदलत नाहीत’ म्हणून कोच कधीच बदलायचा नाही, हेही मला पटत नाही. का ते पुढं येईल.

भाच्यानं सांगितलेली गोष्ट खरी आहे, आणि ती अर्धी सांगितली तर घातक आहे. सेंट लुईस ब्लूज या संघानं नोव्हेंबर २०१८ मध्ये माइक यो या कोचला काढलं आणि क्रेग बेरूबी यांना नेमलं. ३ जानेवारी २०१९ ला तो संघ ३१ संघांत तळाला होता. १२ जूनला त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचा विजेतेपदाचा चषक जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिला. आता उरलेली अर्धी ऐका. बेरूबी बाहेरून आलेले नव्हते. ते त्याच संघाचे सहायक कोच होते, प्रत्येक खेळाडूचा स्वभाव त्यांना माहीत होता. कोच बदलल्यावरही दीड महिना संघ तळाकडेच होता, म्हणजे जादू काही झाली नव्हती. मग त्यांनी खालच्या लीगमध्ये ठेवलेला जॉर्डन बिनिंग्टन नावाचा गोलकीपर वर आणला. त्यानं जानेवारीत पहिल्याच पूर्ण सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही आणि तिथून वारं फिरलं. शिवाय त्यांच्या त्या हंगामात ८२ सामने होते. चुकलेलं सुधारायला साडेचार महिने होते. तुमच्याकडे सहा सामने आहेत. नवा माणूस पोरांची नावं पाठ करेपर्यंत त्यातले तीन संपतील. भाच्याला विचारा, कोच बदलून तसेच तळाला राहिलेले संघ किती? त्यांची गोष्ट सांगायला कुणी फोन करत नाही.

आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. २०११ ते २०१९ या काळात भारताच्या पुरुष संघाला सात मुख्य प्रशिक्षक झाले : नॉब्स, वॉल्श, व्हॅन अ‍ॅस, ओल्टमन्स, मरीन्ये, हरेंद्र सिंग, रीड. त्यांतले वॉल्श २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून काही आठवड्यांत गेले. व्हॅन अ‍ॅस तर २०१५ च्या जानेवारीत आले आणि जुलैत गेले. मरीन्ये यांना महिला संघाकडून उचलून पुरुषांकडे आणलं आणि आठेक महिन्यांत परत महिलांकडे पाठवलं. मी तेव्हा शाळेच्या मुलींना शिकवत होते. एकदा सरावात एक मुलगी मला म्हणाली, ‘बाई, आता परत नवीन पद्धत शिकायची का?’ तिला मी नवा प्रेस, म्हणजे समोरच्यावर मिळून दबाव टाकायची नवी रीत, शिकवत होते, एवढंच. पण मला वाटलं, हाच प्रश्न त्या वर्षांत देशाच्या संघातल्या पोरांनी किती वेळा गिळला असेल.

मग ग्रॅहम रीड आले, आणि त्यांना थांबू दिलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारत दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १-७ हरला. त्या दिवशी माझा फोन दिवसभर वाजत होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, याला पाठवा घरी. ५ ऑगस्ट २०२१ ला तोच संघ जर्मनीविरुद्ध १-३ असा मागे पडून ५-४ जिंकला. शेवटच्या सहा सेकंदांत जर्मनीला मिळालेला कॉर्नर आपला गोलकीपर श्रीजेशनं अडवला आणि १९८० नंतर पहिल्यांदा आपल्याला हॉकीत ऑलिंपिकचं पदक मिळालं. मी टीव्हीसमोर उभी होते, बसता येत नव्हतं. आणि ज्यांना इकडून तिकडं फिरवलं त्या मरीन्ये यांच्या संघातल्या मुली त्याच टोकियोत पहिले तिन्ही सामने हरल्या होत्या, १-५, ०-२, १-४. मग आयर्लंडला हरवलं, दक्षिण आफ्रिकेला हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत गुरजित कौरच्या एका गोलावर ऑस्ट्रेलियाला. चौथ्या आल्या. तुमचे पाच निकाल मला त्या तीन निकालांपेक्षा फारसे वाईट वाटत नाहीत.

पण पुढचंही सांगायला हवं, नाहीतर मीही भाच्यासारखी अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. जानेवारी २०२३ मध्ये घरच्या विश्वचषकात भारत न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरला आणि रीड यांनी राजीनामा दिला. क्रेग फुल्टन आले. त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य. म्हणजे बदल लाभला. तो का लाभला? माझं मत असं की एक तर तो एका मोठ्या स्पर्धेनंतर झाला, मध्यात नाही. दुसरं, रीड जाताना सांगून गेले होते की संघावर मानसिक तयारीचं काम व्हायला हवं. ते नव्या कोचच्या वेळी झालं, पॅडी अप्टन संघासोबत आले. जाणाऱ्या माणसानं जे मागितलं ते येणाऱ्याला मिळालं. तुमच्या कोचनं ऑगस्टपासून काय काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं नाही, हे तुम्हालाच ठाऊक असणार. बिलं तुमच्याकडेच येतात.

आता माझ्या दोन गोष्टी. त्या मी या सदरात कधी लिहिल्या नव्हत्या.

पहिली १९९३ ची. मी पतियाळाहून एन.आय.एस.ची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, कोचिंगची पदविका घेऊन आले होते आणि एका महिला संघाला शिकवत होते. संघाचं नाव सांगणार नाही. आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी सहा वाजता मैदानावर पोहोचले तर वॉचमन माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘बाई, साहित्याच्या खोलीची किल्ली द्या. नव्या सरांकडं द्यायला सांगितलीय.’ मला तेव्हा कळलं. पोरी गोलपोस्टजवळ काठ्या घेऊन उभ्या होत्या, त्यांना आदल्या रात्रीच समजलेलं. एकीनंही मान वर केली नाही. नव्या सरांबरोबर त्या पुढचे दोन सामने जिंकल्या, आणि मला वाटलं, बरोबरच केलं लोकांनी. मग उरलेले चारही हरल्या.

माझी चूक होती का? होती. ती मला चार वर्षांनी त्याच संघातल्या एका मुलीनं सांगितली, तिच्या लग्नात, पंगतीत शेजारी बसून. मी लाइनवरून इतकी ओरडायची की बॉल पायाशी आला की पोरींना खेळ सुचायचा नाही, माझा आवाज ऐकू यायचा. ‘बाई, तुमच्या भीतीनं आम्ही पास लवकर सोडून द्यायचो.’ तीन सामन्यांतले निम्मे चुकलेले पास माझ्या गळ्यातून आले होते! हे मला कमिटीतल्या एकानं जरी समोर बसवून सांगितलं असतं तरी मी सुधारले असते, नंतर सुधारलेच. किल्ली काढून घेणं त्यांना सोपं वाटलं. संघ मात्र दोघांच्याही हातून गेला.

दुसरी गोष्ट उलटी आहे. बऱ्याच वर्षांनी मी एका मुलींच्या संघाच्या सल्लागार समितीवर होते. तिथला कोच आठांपैकी सात सामने जिंकला होता. एका संध्याकाळी मी सहज सरावाला गेले तर लेफ्ट-हाफला खेळणाऱ्या मुलीच्या अंगठ्याला काळी पट्टी गुंडाळलेली. विचारलं तर म्हणाली, काही नाही. बोट सुजून निळं झालं होतं. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं. ती दोन सामने तसंच खेळली होती, कारण त्यानं सगळ्यांसमोर तिला सांगितलं होतं, ‘दुखत असेल तर घरी बस, बांगड्या भर.’ मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. अजून तिघींनी दुखणी लपवलेली निघाली. त्या रात्री समितीच्या कागदावर सगळ्यात आधी माझी सही झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढचा सामना आम्ही ०-३ हरलो, आणि तो पराभव मला आजही मान्य आहे.

म्हणून अध्यक्षांना सांगा, कोच बदलतात. पोरं त्याच्याशी खरं बोलायची बंद झाली तर बदलायचा, मग कप का हातात असेना. तो पोरांच्या अंगाला किंवा अब्रूला धक्का लावत असेल तर बैठकीचीही वाट बघायची नाही. आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही असं पोरांना मनापासून वाटत असेल तर हंगाम संपल्यावर हात जोडून निरोप द्यायचा. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण तुम्ही लिहिलंय की पोरं कट्ट्यावर काय बोलतात ते वेगळंच, आणि काय बोलतात ते लिहिलं नाही. तेवढं राहिलंय. रविवारच्या आधी चार पोरांशी एकेकट्यानं बोला : एक बाहेरचा, एक पाळीवरून येणारा, गोलकीपर, आणि जो सगळ्यात कमी खेळतो तो. ‘कोच कसा आहे’ असं विचारू नका, त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. विचारा, ‘मागच्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरआधी त्यानं काय सांगितलं?’ चौघांनी साधारण एकच सांगितलं तर माणूस ऐकला जातोय. चौघांनी चार सांगितलं, किंवा कुणाला आठवलंच नाही, तर मला परत लिहा. माझं उत्तर बदलू शकतं.

आणि बैठकीला कोचला बोलवा. दाराबाहेर ताटकळत ठेवू नका, आत खुर्ची द्या. वही त्याच्यासमोर ठेवा. शेवटच्या क्वार्टरचं काय करणार, बाकावरची पोरं कशी वापरणार, आणि कॉर्नरसाठी काय हवंय, हे त्याला विचारा. कॉर्नरसाठी आपल्याच गावातला एखादा जुना, हात बसलेला खेळाडू आठवड्यातून दोनदा जोडीला देता आला तर द्या, कोचच्या हाताखाली. त्याच्या डोक्यावर नव्हे. सहा सामने त्याचे राहू द्या. मार्चमध्ये हीच वही घेऊन परत बसा.

देणगीदाराचं तेवढं तुम्हाला सांभाळावं लागेल. त्याचे पैसे आहेत, त्याला विचारायचा हक्क आहे. पण संघ कोण चालवणार हे त्याच्या हप्त्यावर ठरलं तर पुढचा कोच पहिल्या दिवसापासून पोरांकडं न बघता त्याच्याकडं बघेल. हप्ता अडला तरी मार्चपर्यंतचं मानधन मंडळानं कबूल केलंय, ते द्यावंच लागेल, मग त्यासाठी पेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरायची वेळ आली तरी बेहत्तर. पहिली पावती माझ्या नावानं फाडा, हे मी मनापासून लिहितेय.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तीन वर्षं हॉकी खेळते, फॉरवर्ड. तिच्या अकादमीत दिवाळीनंतर कोच बदलले. नव्या सरांनी तिला गोलकीपर केलंय. ती रोज रडत घरी येते, खेळ सोडते म्हणते. शिवाय गोलकीपरचं किट आम्हाला परवडणारं नाही. सरांना भेटून जुनी जागा परत मागू का?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, भेटा, पण जागा मागायला नको. ‘तुम्हाला तिच्यात काय दिसलं?’ एवढंच विचारायला भेटा. चांगल्या कोचकडं या प्रश्नाचं नेमकं उत्तर असतं : तिची नजर, तिचा डावा हात, ती बॉलला घाबरत नाही, असं काहीतरी. ते उत्तर मुलीसमोर द्यायला लावा. तिला बहुतेक वाटत असेल की आपण पळण्यात कमी पडलो म्हणून मागे टाकलं. मुलांना जागा बदलल्याचं दुःख कमी आणि कारण न सांगितल्याचं जास्त असतं. श्रीजेश बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या क्रीडा शाळेत गेला तेव्हा तो हॉकीपटूही नव्हता, धावणं आणि उड्या असलं सगळं करायचा. गोलमध्ये उभं राहायला त्याला तिथल्या कोचनं सुचवलं. पुढं दोन ऑलिंपिक पदकं आली. ही गोष्ट तिला सांगा, पण रडणं थांबल्यावर. रडताना कुणालाही श्रीजेश नको असतो.

सरांना नेमकं उत्तर देता आलं नाही, ‘दुसरं कुणी नव्हतं’ असं म्हणाले, तर मात्र स्पष्ट सांगा की सहा आठवडे ती उभी राहील आणि मग परत बोलू. दर चार दिवसांनी अकादमी बदलू नका. आणि एक वेगळी गोष्ट, जी प्रत्येक आईला सांगते : जागेवरून रडणं वेगळं आणि माणसाच्या भीतीनं रडणं वेगळं. ती सरांचं नाव काढलं की गप्प होत असेल, रात्री मेसेज येत असतील, तर सहा आठवडे काय सहा तासही थांबायचं नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास सुरू असतो.

किट तुम्ही विकत घेऊ नका. पॅड, किकर्स (बुटांवर बांधायचं संरक्षण), हेल्मेट, छातीचं संरक्षण हे सगळं अकादमीनं द्यायचं असतं. गोलकीपर त्यांनी ठरवलाय. फक्त जे देतील ते तिच्या मापाचं आहे का ते तुम्ही स्वतः बघा. मोठ्या मुलीचे किकर्स लहान पायात घातले की पाय आत सरकतो, बॉल लागला की घोटा दुखतो आणि मुलगी दुसऱ्या दिवशी बॉलपासून पाय मागे घ्यायला लागते. हेल्मेट घालून तिला मान जोरात हलवायला सांगा. ते डोळ्यांवर घसरत असेल तर ते घालून तिला उभी करू देऊ नका, सामना असला तरी.